पावती क्रमांक ४१८

पहिल्यांदा आला तेव्हा एकच सदरा होता,
तपकिरी, काखेत विटलेला.
"रंग पक्का करून द्या. पैसे शनिवारी."
अल्विन श्टायगरवाल्ड, ब्रशच्या कारखान्यातून काढलेला हिशेबनीस.
तीन शनिवार गेले. मी वहीत नाव लिहून ठेवलं.

तेहेतीसच्या मार्चमध्ये सगळं चुकतं केलं,
वर एक मार्क जास्तीचा.
मग डगले येऊ लागले, कॉलरला सोनेरी कड,
पक्षाच्या कचेरीतला पोऱ्या ते घेऊन यायचा.
लोक त्याला पाठीमागे सोनेरी फेझंट म्हणायचे,
समोर हात वर करायचे.
मीही करायचे. कोपरापर्यंत निळा हात,
रंग ओघळून बाहीत जायचा.

बेचाळीसचा एप्रिल. व्यायामशाळेत लिलाव:
चादरी, भिंतीवरची घड्याळं, मुलांची बर्फावरची गाडी.
जिच्याकडून मी सुया नि बटणं घ्यायचे
ती झेलमा ओटेनझोसर आदल्या आठवड्यात गेली होती,
एक सुटकेस, गळ्यात नंबर.
यादीखाली सही कुणाची, गावाला ठाऊक.
बुधवारी तो स्वतः आला,
हातावर बाईमाणसाचा लोकरी कोट, राखाडी.
"काळा करा, फ्राउ ड्योर्फलर. अगदी गडद."
डाव्या छातीवर सहा टोकांचा तुकडा
भोवतीपेक्षा ताजा,
तेवढ्याच जागी ऊन पोचलं नव्हतं.
मी काही विचारलं नाही. पावती फाडली. चारशे अठरा.
तीनदा उकळला. लोकर रंग छान प्यायली.
पण रंग फक्त रंगाला झाकतो.
टाक्यांची भोकं इस्त्री करताना बोटांना लागत होती.

पंचेचाळीसला खिडक्याखिडक्यांतून पांढऱ्या चादरी.
अमेरिकन शिपायांनी त्याला ट्रकमध्ये बसवलं,
दोन वर्षांनी परतला, मान बारीक झालेली.
शेवटचा डगला घेऊन दुकानात आला.
सोनेरी कड स्वतःच उसवली होती, वाकडीतिकडी.
"निळा करा. सुनावणीला घालायचाय.
आणि तुमची एक चिठ्ठी लागेल."
असल्या चिठ्ठ्यांना तेव्हा साबणाच्या पुडीचं नाव पडलं होतं.
पाद्र्यानं दिली होती, दातांच्या डॉक्टरनं दिली होती.
मी लिहिलं: सभ्य गिऱ्हाईक. उधारी कधी बुडवली नाही.

सुनावणी खाणावळीच्या मागच्या खोलीत,
बिअरचा वास, टेबलामागे एक नळकारागीर, एक शाळामास्तर.
शपथेला त्यानं एक हात वर केला,
मग दोन्ही वर केले:
याद्या वरून यायच्या, साहेब.
पहिल्या बाकावर त्याची बायको कुनिगुंड,
काळ्या कोटात, गळ्यापर्यंत बटणं लावून.
खिडकीतून तिरपं ऊन आलं
आणि भोकं दिसली, एकेक,
सुई जिथून गेली होती तिथून.
मला एकटीलाच दिसली, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले.
नळकारागिरानं विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"
मी म्हणाले, "नाही."

निकाल: सहप्रवासी. दंड सातशे मार्क, हप्त्यांनी.
जूनमध्ये नोटाच बदलल्या, तोही स्वस्तात सुटला.
नगरपालिकेत हिशेब विभाग, वीस वर्षं.
दर ख्रिसमसला मला कार्ड.
तो मेला तेव्हा अग्निशमन दलाच्या बँडनं वाजवलं,
कबरीपाशी कुणीतरी म्हणालं,
माणूस धुतल्या तांदळासारखा.

असेल. मी धंद्यानं रंगारीण,
धुतल्याचं पाणी कुठं जातं ते मला विचारा.
आमच्या मागच्या नालीतून, माइन नदीत.
त्या बुधवारी संध्याकाळी
काठावरची बदकं बाजूला सरली, पाणी पुढे जाऊ दिलं,
परत जागेवर आली.

वही अजून माझ्याजवळ आहे.
चारशे अठरासमोर पैसे मिळाल्याची खूण नाही.
त्यानं ते दिलेच नाहीत.
मी मागितले नाहीत.